रिकामा चाप

मगदूमकाकांनी जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, त्यावर पिस्तूल ठेवलं आणि दोन पावलं मागं सरून हाताची घडी घालून उभे राहिले. मुलगी दाखवायला बसवली की बाप उभा राहतो, तसे. मी पर्समधून माझं भिंग काढलं आणि डोळ्याला लावलं.

“हे कशाला?” काकांनी विचारलं.

“बघायला.”

“सोनं घ्याय आलीयास होय?”

“सोनं असतं तर एवढं बारीक बघितलं नसतं, काका.”

त्यांना हसू आलं नाही. हिंदुराव मगदूम पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले, राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत राहणारे आणि आमच्या नेमबाजी क्लबातले सगळ्यांत जुने सभासद. त्यांच्या शिस्तीचा धाक असा, की ते मैदानावर आले की लोक चहाचे कपसुद्धा आवाज न करता खाली ठेवायचे. अठरा वर्षं ते याच पिस्तुलानं खेळले होते. आता दोन्ही डोळ्यांत काचबिंदू शिरला होता आणि पंचवीस मीटरवरचा काळा ठिपका धड दिसत नव्हता. त्यांना पिस्तूल विकायचं होतं आणि मला घ्यायचं होतं.

ही गोष्ट १९९७ सालच्या मार्चमधली. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि उद्यमनगरातल्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. लेथवरून उतरलेला माल मापात आहे का ते बघायचं आणि नसला तर लाल पट्टा ओढून परत पाठवायचा. हिला दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळतो, असं माझा भाऊ सगळ्यांना सांगायचा. माझं लग्न न जमण्याचं कारणही तो तेच सांगायचा. अगदीच खोटं नव्हतं ते.

नेमबाजी मी शिकले हवेच्या पिस्तुलावर. त्याला परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त, आणि घरी भिंतीसमोर उभं राहून रिकामा चाप हजार वेळा ओढला तरी त्याचं काही बिघडत नाही. पण मला खरी ओढ होती पॉइंट टू-टूची. मोठ्या पिस्तुलाच्या दहा गोळ्या झाडल्या की महिनाअखेर आमटीवर काढावी लागते. टू-टूचं काडतूस करंगळीच्या पेराएवढं, परवडणारं, त्यामुळं माझ्यासारख्या पगारदार बाईला रोजचा सराव जमेल असं खरं पिस्तूल ते एकच. क्लबाकडं असलं एक होतं आणि आम्ही त्यावर अकरा जण. माझी पाळी आठवड्यातून एकदा यायची, आणि त्याची मूठ कुणा पैलवानाच्या पंजाच्या मापानं घडवलेली होती. मे महिन्यात राज्य स्पर्धा होती. मैदान सांभाळणारा नंदू चौगुले मला म्हणायचा, “छायाताई, स्वतःचं पिस्तूल असंल तर तुम्ही पहिल्या पाचात याल बघा.” नंदू कधी कुणाला खोटं चढवत नसे, म्हणून ते वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं.

परवान्यासाठी दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. तो मिळाला, पण त्यावर पिस्तूल विकत घ्यायची मुदत होती एकतीस मार्च. ती टळली की पुन्हा पहिल्यापासून अर्ज, पुन्हा चौकशी, पुन्हा दोन वर्षं. दोन वर्षांनी माझा हात कसा असेल कुणास ठाऊक. त्यामुळं जे घ्यायचं ते या महिन्यात घ्यायचं होतं.

बाजारात माझ्या ऐपतीतली दोनच होती. एक गावातल्या दुकानदाराकडचं, नवं कोरं, दिसायला साधं, पण चाप इतका जड की ओढेपर्यंत नेम हलायचा. दुसरं हे, काकांचं. जुनं, परदेशी घडणीचं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, आणि चाप तर तेल घातलेल्या कडीसारखा निघायचा. मी ते हातात घेतलं आणि माझी बोटं जिथं जायची तिथं आपोआप गेली. विकत घ्यायचं म्हणजे नाक मुरडायचं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी माझ्या तोंडातून “अरे वा” निघून गेलंच.

मग मी नळी बघितली, नेम धरायची माशी बघितली, मूठ खोलून आतली स्प्रिंग बघितली. काकांनी नाराजीनं का होईना सगळं बघू दिलं. काडतूस बसतं त्या भोकाच्या कडेला मला काळा ठिपका दिसला. काजळी असेल म्हणून मी तो सोडून दिला. तपासणीत दहा वर्षं काढलेल्या बाईनं असं सोडून द्यायला नको होतं, पण पिस्तूल मला आवडलं होतं.

तेवढ्यात काकी चहा आणि भडंग घेऊन आल्या. लीलाकाकी बुटक्या, गोऱ्या, फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी ट्रे ठेवायला जागा केली आणि जाता जाता टॉवेलाचं टोक ओढून पिस्तुलाचं तोंड माझ्याकडून भिंतीकडं वळवलं. ओट्यावरची सुरी बाजूला सारावी इतक्या सहज. अठरा वर्षं पिस्तूल घरात आहे, तेव्हा सवय असणारच, असं मी मनात म्हटलं. मला त्या घरात दुसरीच गोष्ट खटकत होती. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर फार खाली टांगलं होतं, माझ्या खांद्याच्या उंचीला. एवढ्या खाली कॅलेंडर कोण लावतं? विचारावंसं वाटलं, पण एका दिवसाला भिंग पुरे झालं म्हणून गप्प बसले.

पुढच्या दोन्ही रविवारी काका स्वतः पिस्तूल घेऊन मैदानावर आले. परवाना त्यांचा, त्यामुळं ते शेजारी उभे असल्याशिवाय मला हात लावता येत नव्हता. वाळूच्या पिशवीवर मनगट टेकून मी तीन प्रकारच्या काडतुसांनी पाच-पाच गोळ्या झाडल्या. हे पिस्तूल कुठल्या काडतुसाला मानतं ते आधी बघावं लागतं, कारण टू-टूच्या पिस्तुलांना सुनेसारख्या आवडीनिवडी असतात. मधल्या किमतीच्या काडतुसांच्या पाचही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसल्या. नंदूनं कागद आणून दाखवला तेव्हा मला नाचावंसं वाटलं.

पण दर दहा-बारा गोळ्यांमागं एकदा नुसतं “टक” व्हायचं. चाप निघायचा, पिन आपटायची, गोळी उडायची नाही. तेच काडतूस बाहेर काढून जरा फिरवून घातलं की मुकाट उडायचं.

“स्वस्तातली काडतुसं,” काका म्हणाले. “माझंबी असंच व्हायचं अधनंमधनं.”

मला ते पटेना. काडतूस खराब असेल तर फिरवून का उडावं? मी उडालेल्या काडतुसांच्या सगळ्या रिकाम्या पुंगळ्या आणि आधी न उडता मग उडालेल्या चार पुंगळ्या वेगळ्या डबीत घातल्या आणि सोमवारी कामावर नेल्या. दुपारच्या सुट्टीत भाकरी बाजूला ठेवून मी त्या मोठ्या करून बघायच्या यंत्राखाली धरल्या. प्रत्येक पुंगळीच्या कडेला पिनेचा घाव होता, आणि त्या घावाशेजारी पत्रा जरासा फुगून आला होता, जणू खाली आधार नव्हता. मग तो काळा ठिपका आठवला आणि माझी मलाच चीड आली.

टू-टूच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मधोमध नसतो, सगळ्या कडेनं असतो. त्यामुळं पिन कडेवर आपटते. आत काडतूस नसताना चाप ओढला तर तीच पिन थेट नळीच्या पोलादी कडेवर आपटते आणि थोडा थोडा खड्डा पाडते. मग त्या जागी काडतुसाच्या कडेला आधार उरत नाही आणि एखादं नुसतं “टक” करून राहतं. म्हणून आमच्या क्लबात रिकाम्या टू-टूचा चाप ओढणं हा मोठा गुन्हा. सरावाला ओढायचाच असेल तर आत उडालेली पुंगळी घालायची, म्हणजे मार ती खाते. हे सगळ्यांच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं होतं ते मगदूमकाकांनीच. आणि त्यांच्याच पिस्तुलाला खड्डा.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. असला खड्डा दुरुस्त होतो, परवान्याचा कारागीर धातू दाबून जागेवर आणतो, त्यामुळं पिस्तूल मला तरीही हवंच होतं. फक्त दुरुस्तीचं आधी ठरवून घ्यायचं होतं. काकांनी भिंगातून बघितलं, पण त्यांच्या डोळ्यांना काही दिसेना. त्यांनी हात पुढं करून काकींकडं शिवणाची सुई मागितली. काकींनी मशिनीच्या खणातून सुई काढून दिली. काकांनी डोळे मिटले आणि सुईचं टोक कडेवरून हळूहळू फिरवलं. एका जागी ते अडकलं. त्यांनी पुन्हा फिरवलं, पुन्हा तिथंच अडकलं.

“एकदोनदा ओढून हे होत न्हाई,” ते म्हणाले.

“नाही. हजारांनी ओढलाय. आणि जुना आहे काका. कडा गुळगुळीत झाल्यात. गेल्या चारेक वर्षांत नवीन घाव नाही.”

त्यांचा चेहरा उतरत गेला आणि मग ताठ झाला.

“नंदू,” ते म्हणाले.

नंदू पाच वर्षं रोज संध्याकाळी या घराच्या व्हरांड्यात काकांकडं शिकायला येत होता, मुलासारखा. मग क्लबात नोकरी लागली आणि येणं थांबलं, त्यालाही चारच वर्षं झाली होती. हिशेब जुळत होता. मी म्हटलं, नंदू असं करणार नाही, दुसरं कुणी असेल.

“पोरांनी कधी हात लावला न्हाई त्याला. घरात दुसरं हाय कोण?” काका म्हणाले. “मी आत पाणी प्यायला गेलो, की ह्यो रिकामा ओढत असणार. रविवारी चारचौघांत विचारतो त्याला. ज्याला येवढं कळत न्हाई, त्याच्याकडं मैदानाच्या किल्ल्या कशाला?”

काकी कप उचलून आत गेल्या. मी उठले ती इतकी अस्वस्थ होऊन, की भिंग टेबलावरच विसरले. माझं डोकं पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नावर येत होतं. पाच वर्षं पाणी प्यायला जाऊन जाऊन माणूस किती वेळा जाईल?

शनिवारी दुपारी कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमननं निरोप दिला, कुणी बाई आल्यात. लीलाकाकी कडुलिंबाखाली उभ्या होत्या. हातात रुमालात गुंडाळलेलं माझं भिंग. एवढ्यासाठी कशाला आलात, मी रविवारी घेतलं असतं, असं मी म्हणत राहिले. त्या कठड्यावर बसल्या आणि मलाही बसवलं.

“त्या खड्ड्यावरनं कळतंय का गं, कुणी ओढला ते?”

“कुणी ते नाही कळत काकी. किती वेळा, ते अंदाजानं सांगता येतं.”

“किती?”

“वीसेक हजार असेल.”

काकींनी रुमालाची घडी केली. “जास्त असंल,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं बघत राहिले. मला आठवलं ते खाली टांगलेलं कॅलेंडर. त्या बुटक्या होत्या. त्यांनी हात सरळ पुढं धरला, तर तो बरोबर तिथंच आला असता.

“कॅलेंडरवर?” मी विचारलं.

“आजच्या तारखेवर. रोज दहा. रविवारी हे घरात असायचे, म्हणून रविवार सोडून.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. धाकटा शाळेत जायला लागला त्या वर्षी दुपारी घर एकदम रिकामं झालं. कपाटाची किल्ली देव्हाऱ्यात असायची. आधी नुसतं हातात धरून बघितलं, मग काका उभे राहतात तसं उभं राहून बघितलं. नंदू यायला लागला तेव्हा तर शाळाच घरी आली. श्वास कधी सोडायचा, खांदा कसा ढिला ठेवायचा, चाप ओढायचा नाही तर दाबत न्यायचा, सगळं त्या स्वयंपाकघरातून ऐकत होत्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी करून बघत होत्या. बारा वर्षं हे चाललं. काका रिटायर होऊन दुपारी घरात बसायला लागले तेव्हा थांबलं.

“मग पुंगळी आत घालायची, हे नाही ऐकलंत?”

“पुंगळी आत घालताना तोंडानं कोण सांगतंय? ह्यांनी गपचीप घातली असंल. मला दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.”

“खरी गोळी कधीच नाही झाडलीत?”

“गोळ्या मोजलेल्या असतात, बाई. हे मोजतात, पोलीस मोजतात.” काकी थोडं हसल्या. “चाप कोण मोजतंय?”

मी मोजला होता.

काकींना काळजी होती नंदूची. काका त्याला सोडणार नाहीत, त्याची नोकरी जाईल, पोरगं लग्नाला आलंय. आणि मला, खरं सांगते, काळजी वाटली ती पिस्तुलाची. सोमवारी आमचे कागद व्हायचे होते. विक्रीची सूचना काकांनी पोलीस ठाण्यात कधीच देऊन ठेवली होती. घरात आता वादळ उठलं तर ते सही करतील का, हा माझा पहिला विचार होता. तो बोलूनही दाखवला मी.

“सोमवारपर्यंत थांबा ना काकी. एकदा कागद झाले की सांगा.”

“आणि उद्या नंदू?”

मी खाली बघितलं. त्या उठल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बस गाठायला निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी काका आले तेव्हा रिक्षातून त्यांच्यामागून काकी उतरल्या. मैदानावर त्या कधी आल्या नव्हत्या. काठाची साडी, पदर खोचलेला. काकांना त्यांनी सांगितलं होतं, की विकायच्या आधी एकदा बघते तरी, कुठं खेळत होता ते. काकांनी टेबलावर टॉवेल पसरला, पिस्तूल उघडून ठेवलं आणि पलीकडं कागद चिकटवत असलेल्या नंदूला हाक मारली. आवाज असा, की पाच-सहा जण होते ते सगळे वळून बघायला लागले. नंदू खळीचा डबा हातात घेऊनच पळत आला.

“तुला एक विचारायचंय,” काका म्हणाले.

“त्याला मागनं विचारा,” काकी म्हणाल्या. “आधी मला पाच गोळ्या झाडू द्या.”

काकांना वाटलं चेष्टा आहे. पण काकी टेबलाशी गेल्या होत्या. त्यांनी पिस्तूल उचललं, तोंड समोर ठेवून आत करंगळी घालून रिकामं आहे हे बघितलं, आणि पाच काडतुसांसाठी काकांपुढं तळवा पसरला. काकांनी का दिली कुणास ठाऊक. मला वाटतं, त्या करंगळीनंच त्यांना गप्प केलं. नंदूनं पुढं होऊन कानांवरचं झाकण काकींच्या डोक्यावर नीट बसवलं.

काकी उभ्या राहिल्या. उजवा पाय पुढं, खांदा ढिला, आणि डाव्या हाताचा अंगठा कमरेला, निऱ्यांच्या वर खोचलेला. पट्ट्यात अंगठा खोचून उभं राहायची ती ढब सबंध जिल्ह्यात एकाच माणसाची होती. कुणीतरी माझ्यामागं “आयला” म्हणालं. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

पहिली गोळी सुटली. नंदूनं दुर्बिणीतून बघितलं आणि नुसतं बघतच राहिला. “दहा,” तो म्हणाला. “मधोमध.”

पण काकी दचकल्या होत्या. आवाजानं, धक्क्यानं, धुराच्या वासानं. पिस्तूल उडी मारतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण कॅलेंडरसमोर ते कधी उडालं नव्हतं. दुसरी गोळी सहात गेली. तिसरी चारात. चौथ्या वेळी त्यांनी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले आणि गोळी कागद सोडून मागच्या मातीत गेली. पाचवी “टक” करून उडालीच नाही. काकींनी पिस्तूल उघडलं, काडतूस बाहेर काढलं आणि दोन्ही टॉवेलावर ठेवली.

काका बाकावर बसले.

“पहिली कशी मारलीस?” त्यांनी विचारलं.

“ती नेहमीचीच,” काकी म्हणाल्या. “आवाज नवीन होता.”

काकांनी मान खाली घातली. ते मनात काय मोजत होते ते मला दिसत होतं, कारण तेच मी शनिवारी रात्रभर मोजलं होतं. दिवसाला दहा, वर्षाचे तीनशे दिवस, बारा वर्षं.

“पुंगळी घालून ओढायचा असतो गं,” ते म्हणाले. “विचारलं असतंस तर सांगितलं असतं की.”

“विचारलं असतं तर ओढू दिला असता?”

काकांनी उत्तर दिलं नाही. हे त्यांचं मोठेपण म्हणायचं, कारण “दिला असता की” म्हणणं फार सोपं होतं. नंदू अजून खळीचा डबा धरून उभाच होता. काकांनी त्याच्याकडं बघितलं.

“तुला विचारायचं होतं ते ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “दुसरा कागद लाव. हिचे डोळे मिटाय लागल्यात, ते आधी घालवाय पाहिजे.”

मग ते माझ्याजवळ आले, आणि ते बोलायच्या आधीच मला कळलं.

“छाया, उद्या येऊ नकोस. सूचना मागं घेतो.”

“काका, उद्या माझी मुदत संपते.”

“ठाऊक हाय मला.”

“मी खड्डा दाखवला म्हणून?”

“व्हय,” काका म्हणाले. “दाखवला नसतास तर गेलं असतं की.”

मला इतका राग आला, की मी कुणाशी न बोलता सायकल काढली. काकांचा राग आला, काकींचा आला, नंदूचासुद्धा आला, आणि सगळ्यांत जास्त माझ्या त्या भिंगाचा. ज्या पिस्तुलावर माझा हात बसला होता, ते मी स्वतः पुरावा काढून घालवलं होतं. घरी जाऊन रडले. भाऊ म्हणाला, तेलही गेलं, तूपही गेलं. धुपाटण्यापर्यंत मी त्याला पोचू दिलं नाही.

एकतीस मार्चला अर्धी रजा टाकून मी दुकानदाराचं ते नवं पिस्तूल घेतलं. दुकान बंद व्हायच्या तासभर आधी. भिंगानं बघितलं नाही, बघून करणार काय होते? मे महिन्यात राज्य स्पर्धेत माझा नंबर सातवा आला. चाप तसा जड नसता तर कितवा आला असता, हे मी बरीच वर्षं स्वतःला विचारत असे. आता नाही विचारत.

पण त्या स्पर्धेच्या आधीचा एक रविवार आहे. राग अजून पुरता गेला नव्हता. मी माझं नवं पिस्तूल घेऊन मैदानावर गेले तर शेजारच्या जागेवर काकी उभ्या होत्या. त्यांच्यामागं स्टुलावर काका, आणि दुर्बिणीपाशी नंदू. दिसत नसल्यामुळं काका नंदूला प्रत्येक गोळीचं विचारत होते आणि तो सांगत होता, आठ, नऊ, पुन्हा आठ. मध्येच “टक” व्हायचं. खड्डा अजून दुरुस्त केला नव्हता. कारागिराकडं दिलं तर महिनाभर हातचं जाईल, आणि एवढा काळ काकी थांबायला तयार नव्हत्या.

त्यांनी पिस्तूल टॉवेलावर ठेवलं, कानांवरचं झाकण काढलं आणि माझ्या पिस्तुलाकडं वाकून बघितलं.

“चाप कसा हाय याचा?”

“जड,” मी तुटकपणे म्हटलं.

काकींनी पायाजवळ पडलेल्या पुंगळ्यांतली एक उचलली, पदराला पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“ही आत घालून ओढत जा,” त्या म्हणाल्या. “दुपारी दहा. बारा वर्षांत हलका हुतोय.”